पावसाचा जमाखर्च

(वार्षिक संमेलनातील भाषण)



मंडळाने आम्हांस दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली. गुणवंत मुलांच्या कौतुकाच्या या प्रसंगी आम्ही पाण्याविषयी बोलणार आहोत. कारण आपल्यापैकी पुष्कळांचे पोट अद्याप शेतीवर आहे आणि पावसाची रीत पालटली आहे.

आमचे वडील नक्षत्रांवर पेरणी ठरवीत. मृग बरसला की तिफण निघे. आता मृगाच्या भरवशावर पेरावे तर आर्द्रा कोरड्या जातात. शास्त्रज्ञ सांगतात की, तापलेली हवा बाष्प अधिक धरते. म्हणून कोसळतो तेव्हा पाऊस अनावर कोसळतो. मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात व्यापक अतिवृष्टीचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले. असे पाणी मुरत नाही. मातीसह वाहून जाते.

यावर आपण उपाय केला तो बोअरचा. येथे प्रथम आमचाच अपराध सांगतो. थोरल्या बंधूंच्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर आम्ही तीनशे फूट बोअर घेतला. पुढील उन्हाळ्यात त्यांची विहीर आटली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात आमचा बोअर. पाणी गेले आणि बोलणेही गेले.

१९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे कै. विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तेथे पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, तर माणसांवर ठरला. माणशी अर्धा एकर, भूमिहीनांसही हक्क, आणि ऊस वर्ज्य. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पाऊस मोजण्याची, पिण्याचे पाणी आधी राखण्याची व उरलेल्या पाण्यावर रब्बीची पिके ठरविण्याची शिस्त लावून घेतली. पावसाची जमा आपल्या हाती नाही; खर्च मात्र आहे.

म्हणून आमची विनंती इतकीच: गावोगावच्या बांधवांनी पर्जन्यमापक बसवावा, कोजागिरीस सर्वांनी, इतर समाजांसह, एकत्र बसून विहिरींची पातळी वहीत लिहावी, आणि शेजाऱ्यास विचारल्यावाचून कोणीही बोअर घेऊ नये.

गेल्या दसऱ्यास आम्ही सोने घेऊन बंधूंच्या दारी गेलो. आता दोन्ही घरांची पाण्याची वही एकच आहे. ती मांडावयास आम्हांस उशीर झाला. आपणांस तो न होवो, एवढे बोलून रजा घेतो.