कॅलिफोर्नियातलं घरगुती पाळणाघर



आपल्यापैकी अनेकांच्या लेकी-सुना अमेरिकेत, कॅलिफोर्नियात आहेत.
त्यांतली एखादी म्हणते, घरातच पाळणाघर काढू.
मग परवानगी कुणाची घ्यायची?

नीट ऐका.
परवाना राज्याचा लागतो.
शहराचा नाही.

आपल्या मुलांबरोबर एकाच कुटुंबाची मुलं सांभाळली, तर परवाना लागत नाही.
त्याशिवाय आणखी एका कुटुंबाचं मूल आलं, की लागतो.

हा परवाना राज्याचं समाजसेवा खातं देतं.
आधी घराची पाहणी होते.
अंगणात पोहण्याचा तलाव असेल, तर मुलं तिथे जाऊ शकणार नाहीत अशी सोय हवी.
प्रथमोपचाराचं प्रशिक्षण हवं.

आणि घरात राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाच्या बोटांचे ठसे घेतात.
मदतीला येऊन राहिलेल्या आजीचेसुद्धा.
आजींनी वाईट वाटून घेऊ नये.
दुसऱ्याचं लेकरू आपल्या ओटीत येतं, तेव्हा ही चौकशी व्हायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं.

आता शहराचं.
पूर्वी मोठ्या घरगुती पाळणाघराला शहरं वेगळी परवानगी मागू शकत.
२०२० पासून ते थांबलं.
असं पाळणाघर म्हणजे राहतं घरच, असं कायदा मानतो.
मुलं जास्त असतील, तर अग्निशमन विभागाची तपासणी मात्र होते.

घर भाड्याचं असलं, तरी मालक मनाई करू शकत नाही.
त्याला तीस दिवस आधी लेखी कळवायचं.

पुन्हा सांगते.
परवाना राज्याचा, शहराचा नाही.
आणि पाळणाघर आपण राहतो त्याच घरात हवं.
रिकामं घर घेऊन तिथे चालवलं, तर शहराच्या परवानगीतून ही सूट मिळत नाही.