सोंगं बदलणारा चोर आणि आपला पहारेकरी

(मनोरी येथे बचत गटातील महिला आणि तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



मार्वेहून फेरीबोटीने खाडी ओलांडून आलो. शेजारी एक मावशी रिकामी टोपली घेऊन बसल्या होत्या. कोळंबीचे पैसे खात्यात जमा झाले की नाही, हे त्या मोबाईलवर तपासत होत्या. पूर्वी कमरेची पिशवी सांभाळली की झालं. आता ती पिशवी फोनमध्ये गेली आहे.

मालवणीत माझं संगणक आणि मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. तिथे रोज एक प्रश्न येतो : "भाई, अँटीव्हायरस टाकलाय, आता काळजी नाही ना?" आज त्याचंच उत्तर द्यायचं आहे.

अँटीव्हायरस जुन्या पद्धतीने कसा काम करतो? पोलीस चौकीत गुन्हेगारांचे फोटो लावलेले असतात ना, तसा. पकडलेल्या प्रत्येक व्हायरसची खूण यादीत लिहायची आणि प्रत्येक फाईल त्या यादीशी ताडून बघायची. आपल्या महाराष्ट्राचाही यात वाटा आहे. साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे कैलाश काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. 1990 च्या दशकात त्यांचे भाऊ संजय यांनी व्हायरस काढणारा प्रोग्राम लिहिला आणि त्यातून क्विक हील उभी राहिली. तेव्हा व्हायरस फ्लॉपीतून फिरायचा, त्यामुळे यादी नवी करायला वेळ मिळायचा.

आज तो वेळ नाही. जर्मनीतली एव्ही-टेस्ट ही तपासणी संस्था सांगते की तिच्याकडे दररोज साडेचार लाखांहून जास्त नवे घातक प्रोग्राम नोंदले जातात. पण एवढे नवे चोर रोज जन्माला येत नाहीत. चोर तोच असतो, कपडे बदललेले असतात. प्रोग्रामचं काम तेच ठेवून त्याचं बाहेरचं रूप यंत्रानेच सतत पालटता येतं. रात्र थोडी, सोंगं फार!

म्हणून आता चांगले अँटीव्हायरस चेहऱ्यासोबत वागणूकही बघतात. एखादा प्रोग्राम भराभर शेकडो फाईली कुलूपबंद करू लागला, की त्याला अडवतात. याने फरक पडला, पुष्कळ पडला. पण इथेही मर्यादा आहे. फार कडक पहारा ठेवला तर घरच्या माणसालाही दारात अडवलं जातं, सैल ठेवला तर चोर आत. फ्रेड कोहेन या संशोधकाने 1980 च्या दशकातच गणिताने दाखवून दिलं, की प्रत्येक व्हायरस अचूक ओळखेल आणि कधीच चुकणार नाही, असा प्रोग्राम बनू शकत नाही.

ही दूरची गोष्ट वाटत असेल तर 27 जून 2017 आठवा. त्या दिवशी जेएनपीटीतल्या एका टर्मिनलचं कामकाज ठप्प झालं. मर्स्क या डॅनिश समूहाचं ते टर्मिनल. नॉटपेट्या नावाचा हल्ला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून आत आला होता. विचार करा, अपडेट म्हणजे आपण विश्वासाने घेतलेली गोष्ट. ज्या भोकातून तो पसरला, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती केली नव्हती, ते सापडले. आणि ज्यांनी केली होती त्यांच्यातलेही काही सापडले, कारण हा एका संगणकातले पासवर्ड उचलून दुसऱ्यात शिरत होता. मर्स्कला सुमारे 45 हजार संगणक नव्याने उभारावे लागले. त्यांच्या जाळ्याची एक महत्त्वाची प्रत वाचली ती घानामध्ये, तिथे त्या वेळी वीज गेली होती म्हणून! एवढ्या मोठ्या कंपनीला शेवटी जोडणीबाहेर राहिलेल्या एका प्रतीने तारलं.

आता आपल्या घरातली गोष्ट. गेल्या वर्षी माझ्या दुकानात एक ताई आल्या. व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका आली होती, ओळखीच्या नंबरवरून. पत्रिका कसली, ती ॲपची फाईल होती, शेवटी 'एपीके' लिहिलेलं. त्यांनी उघडली. ॲपने मेसेज वाचायची परवानगी मागितली, ताईंनी दिली. रात्रीत ओटीपी तिकडे जात राहिले आणि गटाचे 38 हजार रुपये गेले. फोनमध्ये अँटीव्हायरस होता. पण आपणच कडी काढून पाहुण्याला आत घेतलं, तर पहारेकरी काय करणार?

मला जास्त दुखलं ते पुढचं. ताई चार दिवस कोणाला बोलल्याच नाहीत. गटातल्या बायका काय म्हणतील, नवरा काय म्हणेल! बँकेत गेल्या तेव्हा काउंटरवर ऐकायला मिळालं, "तुम्हीच दिलं ना?" चोर निघून गेला आणि आरोपी ठरली ती. हे बदलायला हवं. शरमेमुळे माणूस गप्प बसतो, आणि त्या वेळात पैसे एका खात्यातून दुसऱ्यात निघून जातात.

रिझर्व्ह बँकेने जुलै 2017 मध्ये एक परिपत्रक काढलं होतं. बँकेची चूक नाही, तुमचीही नाही, अशा व्यवहाराची खबर तीन कामकाजाच्या दिवसांत दिली तर तुमच्यावर भार पडणार नाही, असं त्यात होतं. तुमची चूक असली, तरी खबर दिल्यानंतर जे पैसे जातील त्याची जबाबदारी त्यात बँकेची ठरवली होती. म्हणजे दोन्हीकडे घाई महत्त्वाची. आधी 1930 वर फोन, मग बँक.

मग अँटीव्हायरस काढून टाकायचा का? अजिबात नाही. दाराला कुलूप लावतोच ना आपण? जुने, ओळखीचे चोर तो रोज अडवतो. विंडोजमध्ये आणि अँड्रॉइडमध्ये तो आधीपासूनच असतो, तो बंद करू नका. फुकटात मिळालेलं चोरीचं सॉफ्टवेअर तर टाकूच नका, त्यातूनच चोर येतो. अपडेट टाळू नका. विंडोज 10 ची नेहमीची मोफत दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली, जुने संगणक असतील तर त्याचा विचार करा. गटाच्या हिशेबाची एक प्रत पेनड्राईव्हवर घ्या आणि तो काढून कपाटात ठेवा. पत्रिका, चलन, वीजबिल ॲप बनून येत नाही, हे घरातल्या म्हाताऱ्यांना सांगा.

आणि कोणी फसलं तर आधी हसू नका. "तू कशी काय फसलीस?" हा प्रश्न नंतर. आधी विचारा, "1930 ला फोन केलास का?"

अँटीव्हायरस नेहमी एक पाऊल मागेच राहणार. ते एक पाऊल आपण एकमेकांना सांगून भरून काढायचं आहे.