हाव्रचा सूर्योदय

क्लोद मोने याचे बालपण ल हाव्र या फ्रेंच बंदरात गेले. १८७२ साली त्याने तिथलाच सूर्योदय तैलरंगांत रंगविला. धुक्यात विरघळलेली जहाजे, लहान होड्या आणि नारिंगी सूर्य. एवढाच काय तो ऐवज! १८७४ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात हे चित्र मांडले गेले, तेव्हा लुई लरुआ या टीकाकाराने त्याच्या नावातील ‘इंप्रेशन’ हा शब्द उचलून साऱ्या चित्रकारांची थट्टा केली. तीच थट्टा पुढे त्या संप्रदायाचे नाव झाली. परंतु या चित्राचे कृष्णधवल छायाचित्र घेतले, तर सूर्य जवळजवळ नाहीसा होतो. त्याची उजळता भोवतालच्या आकाशाइतकीच आहे. तो तळपतो केवळ रंगांच्या विरोधामुळे. ज्या चित्राला अपुरे म्हणून हिणविले, त्याचा कर्ता टीकाकारापेक्षा अधिक बारकाईने पाहत होता.