नववी अनुसूची आणि सातबाऱ्यावरचे कूळ

मिरजगावसारख्या ज्वारीच्या मुलखात भरलेल्या या परिषदेत सर्वोच्च न्यायालयावर संसदेने घातलेल्या मर्यादांचा विचार करायचा, तर सुरुवात सातबाऱ्यापासून करणे योग्य ठरेल. कारण ज्या उताऱ्यावर कुळाचे नाव 'इतर हक्क' या सदरात होते आणि कूळकायद्याच्या कलम ३२ग खाली ठरलेली किंमत भरून ३२म चे प्रमाणपत्र मिळाल्यावर तेच नाव कब्जेदार म्हणून लागले, त्या उताऱ्यामागे संविधानातला एक मोठा वाद उभा आहे.

मार्च १९५१ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने बिहारचा जमीनदारी निर्मूलन कायदा रद्द ठरवताच त्याच वर्षी संसदेने पहिली घटनादुरुस्ती करून अनुच्छेद ३१ख आणि नववी अनुसूची आणली. या अनुसूचीत कायदा घातला की मूलभूत हक्कांचा भंग होतो म्हणून तो रद्द करता येत नाही, आणि न्यायालयाने आधी रद्द केला असला तरी तो पुन्हा जिवंत होतो. पहिल्या १३ कायद्यांत १९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम होता. कुळांना मालक करणारी १९५६ ची दुरुस्ती न्यायालयात गेली, तेव्हा मात्र सर्वोच्च न्यायालयानेच १९५८ साली ती वैध ठरवली. कोर्टकचेरीत पिढी खर्ची पडू नये म्हणून कसणाऱ्याला दिलेले ते कवच न्याय्य होते, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

पुढे मात्र ही यादी २८४ कायद्यांपर्यंत वाढली. १९६१ चा महाराष्ट्राचा सीलिंग कायदा, म्हणजे शेतजमीन धारणेची कमाल मर्यादा ठरवणारा कायदा, १९६४ साली तीत गेला, आणि जीवनावश्यक वस्तू कायदा १९७६ साली. कोरडवाहू जमिनीला ५४ एकरांची मर्यादा कायम असताना शहरी जमिनीवरचे सीलिंग महाराष्ट्राने २००७ साली उठवले, ही विषमता शेतकऱ्याला खुपते. शेतकरी संघटनेच्या आणि किसानपुत्र आंदोलनाच्या व्यासपीठांवरून 'परिशिष्ट ९', म्हणजे हीच नववी अनुसूची, रद्द करण्याची मागणी होते, ती याच अनुभवातून.

न्यायालयाने यावर सीमारेषा आखली. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात ७ विरुद्ध ६ मतांनी संविधानाच्या मूलभूत चौकटीचा, म्हणजे घटनादुरुस्तीनेही मोडता न येणाऱ्या गाभ्याचा, सिद्धान्त मांडला गेला. महाराष्ट्राच्या सीलिंग कायद्यावरूनच उद्भवलेल्या वामनराव खटल्यात यशवंत चंद्रचूड सरन्यायाधीश असताना ठरले की त्या तारखेपूर्वी अनुसूचीत गेलेले कायदे सुरक्षित राहतील, नंतरचे मात्र या कसोटीवर तपासता येतील. २००७ च्या कोएल्हो निकालात नऊ न्यायाधीशांनी हेच अधिक ठाम केले.

ही रेषा योग्य असली तरी १९६४ साली आत गेलेला मूळ सीलिंग कायदा तिच्या अलीकडेच राहतो, आणि जमीन सुधारणा कायद्यांना संरक्षण देणाऱ्या अनुच्छेद ३१क चे वेगळे कवचही त्याला आहेच. म्हणून उपाय संसदेकडेच मागावा लागेल, आणि तसा पायंडा उपलब्ध आहे: १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने 'मिसा' या अंतर्गत सुरक्षा कायद्यासह तीन कायदे नवव्या अनुसूचीतून वगळण्यात आले होते.