परत न ठेवता : तीन शब्दांचे गणित



गणिताच्या शिक्षकांच्या स्मृत्यर्थ योजलेल्या व्याख्यानासाठी मराठीच्या प्राध्यापकास पाचारण करण्याचे धाडस संयोजकांनी केले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मी बोलणार आहे तेही गणितातील भाषेविषयीच.

पाठ्यपुस्तकातील एक परिचित उदाहरण घेऊ. बावन्न पत्त्यांचा कॅट नीट पिसून त्यातून एकामागून एक दोन पत्ते काढले. दोन्ही एक्के असण्याची संभाव्यता किती? पहिला पत्ता एक्का असण्याची संभाव्यता ४/५२. तो परत ठेवून कॅट पुन्हा पिसला, तर दुसऱ्या खेपेसही ४/५२, गुणाकार १/१६९. परंतु तो परत न ठेवता दुसरा काढला, तर एक्के उरले तीन आणि पत्ते एक्कावन्न. मग ४/५२ गुणिले ३/५१, म्हणजे १/२२१. पहिल्या प्रसंगी दोन्ही घटना स्वतंत्र आहेत, दुसऱ्या प्रसंगी एक दुसरीवर अवलंबून आहे. क्रिया दोन्हीकडे गुणाकाराचीच. भेद घडवला तो ‘परत न ठेवता’ या तीन शब्दांनी.

‘अवलंबून’ हा शब्दही जपूनच वापरावा लागतो. पहिला पत्ता कोणी न पाहता पालथाच बाजूला ठेवला, तर दुसरा एक्का असण्याची संभाव्यता ४/५२ हीच राहते. कोणता पत्ता गेला हे कळले, की अपूर्णांक बदलतो.

हे तीन शब्द गाळले तर काय होते, हे गणिताच्या इतिहासात नोंदलेले आहे. डच गणिती ख्रिस्तियान हायगेन्स यांनी १६५७ साली द्यूतातील गणितावर एक छोटा प्रबंध प्रसिद्ध केला आणि अखेरीस वाचकांसाठी पाच उदाहरणे दिली. त्यांतील एकात बारा गोट्या आहेत : चार पांढऱ्या, आठ काळ्या. तीन खेळाडू डोळे बांधून क्रमाने एकेक गोटी काढतात. जो प्रथम पांढरी काढील तो जिंकला. तिघांच्या संधींचे प्रमाण काय? काढलेली काळी गोटी परत टाकावयाची की नाही, हे मात्र स्पष्ट लिहिलेले नव्हते. ती परत टाकली असे हायगेन्स यांनी गृहीत धरले. त्यानुसार प्रमाण ९ : ६ : ४ येते. योहान हुड्डे यांनी ती बाहेरच राहते असा अर्थ घेतला. तसा हिशेब केल्यास ७७ : ५३ : ३५ येते. १६६५ साली उभयतांत यावर पत्रव्यवहार झाला. पुढे याकोब बर्नुली यांनी, त्यांच्या मृत्यूनंतर १७१३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, या एकाच उदाहरणाचे निरनिराळे अर्थ मांडून ते सोडवून दाखवले. एवढ्या थोर गणितज्ञांत मतभेद झाला तो एका अपुऱ्या वाक्यामुळे.

आता आपल्या मुलांकडे पाहू. बडोद्यातील आपले मूल घरी मराठी बोलते, बाजारात गुजराती आणि पुढे महाविद्यालयात इंग्रजी वाचते. प्रश्नातील एखादा शब्द त्याच्या हातून निसटला, तर उत्तरपत्रिकेवर लाल फुली पडते आणि ‘गणितात कच्चा’ हा शिक्का जन्मभर पुसत नाही. म्हणून शिक्षकबंधुभगिनींना माझी विनंती आहे : फुली मारण्यापूर्वी ‘तू वाक्य कसे वाचलेस?’ एवढे त्याला विचारावे. प्रश्न काढणाऱ्याने अट पूर्ण लिहावी. सोडवणाऱ्याने ती मोठ्याने वाचावी. गणिताच्या तासाला दिलेली ही दोन मिनिटे भाषेच्या शिक्षणातही जमा होतील.