कोरं प्रगतिपुस्तक आणि भरलेलं प्रगतिपुस्तक

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळी चहाच्या वेळी आपल्या गणिताच्या सरांनी मला विचारलं, "तू पुण्यात कॉम्प्युटरवर काम करतेस हे ठाऊक आहे. पण काम म्हणजे नक्की काय करतेस?" वीस वर्षं मी या प्रश्नाला "प्रोग्रॅम लिहिते" एवढंच उत्तर देत आले. सरांचं त्यावर समाधान झालं नाही. व्याख्या पाठ करून आलेल्या मुलाकडे ते जसं बघायचे तसंच त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणून संयोजकांनी 'यशाची वाटचाल' असा विषय दिलेला असताना मी तो बदलून घेतला आहे. ज्या पद्धतीने मी रोज काम करते तिला ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग म्हणतात, आणि ती मी आज तुम्हाला सांगणार आहे. पुढच्या सतरंजीवर आपलीच आठवी-नववीतली मुलं बसली आहेत. त्यांना कळलं तर सरांनाही उत्तर मिळालं असं मी धरीन.

मुलांनो, या विषयातला पहिला शब्द आहे 'क्लास'. मराठी पुस्तकांत त्याला 'वर्ग' म्हणतात आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. वर्ग म्हटलं की आपल्याला दहावी ब दिसते, बाकं दिसतात, पन्नास पोरं दिसतात. प्रोग्रॅममधला क्लास म्हणजे पोरांचा घोळका नव्हे. शाळेत जूनमध्ये छापून आलेला कोऱ्या प्रगतिपुस्तकांचा गठ्ठा आठवा. त्यावर नाव, हजेरी क्रमांक, जन्मतारीख, विषय, गुण आणि पालकांची सही यांच्या जागा आखलेल्या असतात, पण भरलेलं काहीच नसतं. ती आखणी म्हणजे क्लास. बाईंनी त्यातलं एक पुस्तक घेऊन त्यावर तुझं नाव घातलं की जे तयार झालं ते ऑब्जेक्ट. आखणी एकच असते आणि पुस्तकं पन्नास. माझ्या गणिताचे गुण वाढले म्हणून तुझे वाढत नाहीत. पण शाळेने पुढच्या वर्षी 'संगणक' हा नवा रकाना आखला, तर तो सगळ्यांच्याच पुस्तकात येतो.

कोरा कागद आणि कोरा फॉर्म यांतला फरक मात्र लक्षात ठेवा. चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरं पत्र पाठवलं ही गोष्ट पुणतांब्याच्या पोराला वेगळी सांगायला नको, समाधी आपल्याच गावात आहे. त्या कागदावर काहीच नव्हतं. फॉर्म कोरा असला तरी त्यावर कोणी तरी आधीच ठरवलेलं असतं की माणसाबद्दल काय विचारायचं आणि काय नाही विचारायचं. ही गोष्ट मला फार उशिरा कळली. तिच्याकडे शेवटी येते.

मी स्वतः हे कसं शिकले ते सांगण्यासारखं नाही, पण सांगते. आपण १९९६ला दहावी झालो तेव्हा शाळेत कॉम्प्युटर नव्हता. मी तो पहिल्यांदा इंजिनिअरिंगला गेल्यावर बघितला. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' सगळ्यांच्या हातात असायचं, त्यावर सी भाषा आली. पुढच्या वर्षी सी प्लस प्लस आलं आणि मी अडकले. प्रत्येक पुस्तकात उदाहरण म्हणून एक वर्तुळ आणि एक चौकोन, नाहीतर एक कुत्रा आणि एक मांजर. कुत्रा भुंकतो आणि मांजर म्यांव करते हे कॉम्प्युटरला कशासाठी सांगायचं, हे कोणी सांगितलं नाही. मी चार व्याख्या पाठ केल्या, परीक्षेत उतरवल्या, पास झाले.

ही पद्धत कुत्र्या-मांजरांसाठी निघालीच नव्हती, हे मला नंतर कळलं. नॉर्वेमध्ये ऑस्लोच्या संगणक केंद्रात ओले-योहान दाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड हे दोघे १९६०च्या दशकात सिम्युला नावाची भाषा बनवत होते. त्यांना खऱ्या जगातल्या कामांची नक्कल कॉम्प्युटरमध्ये करायची होती. रांगा कुठे लागतात, का तुंबतात, असले प्रश्न. आपल्याकडचं बघा. गळीत हंगामात कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागते. बैलगाडी आहे, ट्रॅक्टर आहे, ट्रक आहे. आणखी एक काटा बसवला तर रांग किती कमी होईल? हे काढायचं तर प्रत्येक गाडी वेगळी धरावी लागते. ती कधी आली, किती ऊस घेऊन आली, किती वेळ थांबली, हे ज्या त्या गाडीलाच ठाऊक असायला हवं. १९६७च्या सिम्युलात क्लास आणि ऑब्जेक्ट या कल्पना आल्या. मला कॉलेजात कोणी काट्यावरची रांग सांगितली असती तर एक वर्ष वाचलं असतं.

आता पुढचं. ऑब्जेक्टकडे माहिती असते तशी त्याला कामंही येतात, आणि त्याची माहिती त्याच्या कामांतूनच बदलायची असते. याला एन्कॅप्स्युलेशन म्हणतात. शब्द अवघड आहे, पण आपल्या तुकडीला ही गोष्ट चांगली माहीत आहे. आठवीत आपल्यातल्या एकाने प्रगतिपुस्तकातल्या ३१चे ८१ केले होते. (नाव घेत नाही. तो दुसऱ्या रांगेत बसून हसतो आहे.) वडिलांची सही मिळाली, पण सर कार्यालयातल्या कपाटातून गुणांचं रजिस्टर घेऊन आले आणि पुढचं सगळ्यांना आठवतं. प्रगतिपुस्तक कोणाच्याही हाती पडत होतं म्हणून खोडता आलं. रजिस्टरला हात लावता येत नव्हता. गुण बदलायचे तर फेरतपासणीचा अर्ज करायचा, सर पेपर बघणार, सर बदलणार. चांगल्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक ऑब्जेक्ट असं कुलूपबंद कपाट असतं आणि बाहेर फक्त खिडकी असते. पतसंस्थेच्या खात्यातली शिल्लक पेनने बदलत नाही. भरणा किंवा उचल या दोनच वाटा, आणि उचल करताना शिल्लक पुरेशी आहे का ते खातं स्वतः बघतं.

तिसरा शब्द इन्हेरिटन्स, म्हणजे वारसा. इथे आपल्या भागातल्या माणसाची हमखास चूक होते, कारण वारसा म्हटलं की आपल्याला वारस नोंद आठवते आणि भावकी आठवते. बापाची चार एकर दोन पोरांत दोन-दोन होते. प्रोग्रॅममधल्या वारशात वाटणी नसते. कोणाचं काही कमी होत नाही. तिथे प्रश्न एवढाच असतो, की हे त्याचाच एक प्रकार आहे का? आपण शाळेत होतो तेव्हा पुणतांबा हे दौंड-मनमाड मार्गावरचं साधं स्टेशन होतं. २००९ साली शिर्डीचा फाटा सुरू झाला आणि ते जंक्शन म्हणून चालू लागलं. जंक्शन हेही स्टेशनच आहे. नाव, फलाट, तिकीट खिडकी, सगळं स्टेशनचंच आहे. ते नव्याने लिहायचं नाही. 'जंक्शन हा स्टेशनचा प्रकार' एवढं सांगायचं आणि वर फाट्याची भर घालायची. बाप-मुलाचं उदाहरण देणारं पुस्तक दिसलं तर ते बाजूला ठेवा. मुलगा हा बापाचा प्रकार नसतो, कुठल्याही घरात विचारून बघा.

चौथा शब्द पॉलिमॉर्फिझम. तो शाळेच्या घंटेत आहे. शेवटची घंटा एकच होते. ती ऐकून पोरं पळतात, सर हजेरीपट मिटतात, शिपाई खोल्यांना कुलपं लावायला निघतात. घंटा देणाऱ्याला कोणी काय करायचं हे सांगावं लागत नाही. ज्याचं त्याला ठाऊक असतं. एवढंच आहे ते.

चार शब्द झाले आणि परीक्षेपुरतं इथे संपतं. मला सांगायचं आहे ते याच्यापुढचं आहे.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी एका पतसंस्थेच्या कामावर होते. 'सभासद' नावाचा क्लास मी लिहिला. जुन्या वह्यांतली नावं भरायची होती आणि तोच सभासद दोनदा आला तर ओळखायचा होता. मी ठरवलं, की नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि गाव सारखं असेल तर माणूस एकच. चाचण्या झाल्या, सगळं बरोबर आलं. सुरू झाल्यावर आठवड्याने तिथल्या कारकुनाने मला काउंटरवर बोलावलं. पडद्यावर एका सभासदाच्या नावावर दोन मुदत ठेवी होत्या. ते म्हणाले, "मॅडम, ही दोन माणसं आहेत. एकाला मी ओळखतो आणि दुसरा माझा चुलता आहे."

मोठ्या भावकीत एकाच नावाची दोन माणसं असतात, हे पुणतांब्यात वाढलेल्या मला कळायला हवं होतं. दोन वस्तू सारख्या दिसणं वेगळं आणि त्या एकच असणं वेगळं. बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांत या दोन गोष्टी तपासायच्या रीती आहेत, आणि मी त्या परीक्षेत लिहिल्याही होत्या. त्या म्हाताऱ्या सभासदाला त्याची ठेव दिसली नसती तर त्याने कोणाला विचारलं असतं? वह्या नीट ठेवलेल्या होत्या म्हणून निभावलं. त्या कारकुनाचं नाव माझ्या टेबलाच्या खणात अजून एका चिठ्ठीवर आहे.

याची उलटी बाजू मी २०१७ साली घरी बघितली. १ जूनला आपल्या गावातून शेतकरी संप सुरू झाला, तुमच्यातले कितीतरी जण त्यात होते. त्याच महिन्यात कर्जमाफी जाहीर झाली आणि जुलैपासून ऑनलाइन अर्ज सुरू झाले. घरात मीच कॉम्प्युटरवाली, म्हणून रजा काढून आले. माफीची मर्यादा कुटुंबाला दीड लाख, आणि कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि १८ वर्षांखालची मुलं. हे वाचलं आणि मला तो सरळ क्लास दिसायला लागला. कर्ज खात्याला चिकटलेलं, खातं माणसाला, माणूस कुटुंबाला आणि मर्यादा कुटुंबाला. आमच्या घरी आई-वडील आणि धाकटा भाऊ-भावजय यांची चूल एकच आहे. घरात एक कुटुंब, फॉर्मात दोन. दोन्ही खरं आहे. क्लास माणसाला तो आहे तसा सांगत नाही. एखाद्या कामापुरतं त्याच्याबद्दल काय धरायचं ठरलं, एवढंच सांगतो.

मग आईची पाळी आली. तिच्या माहेरच्या दीड एकरावर सोसायटीचं छोटंसं कर्ज होतं. सातबाऱ्यावर तिचं माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं, आणि पासबुकात नावापुढे 'बाई' लावलेलं. कागद तीन, नावं तीन, आणि समोर खुर्चीवर बसलेली आई एक. पतसंस्थेत मी दोन माणसांचा एक केला होता. इथे एका माणसाचे तीन झाले होते. कॉम्प्युटर जुळवणार तरी कसा? कधीकाळी त्या त्या कागदावर त्या त्या माणसाने जे लिहिलं ते त्याच्यासमोर होतं. तीनही नावांची बाई एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करून घेतलं. सही करताना आई म्हणाली, "मी एकच आहे हेबी लिहून द्यावं लागतं व्हय?"

त्या दिवसानंतर नवीन काम आलं की मी कॉम्प्युटर लगेच उघडत नाही. वहीत तीन प्रश्न लिहिते. इथे वस्तू कोणत्या? प्रत्येकीला स्वतःबद्दल काय ठाऊक असलं पाहिजे? आणि आज जी आणि उद्या जी ती एकच आहे, हे कशावरून ओळखायचं? माझ्याकडे येणाऱ्या नव्या मुला-मुलींना पहिला आठवडा एवढंच करायला लावते. ती वैतागतात. इंजिनिअर होऊन वहीत रकाने आखायचे म्हणजे काय, असं त्यांच्या तोंडावर दिसतं.

खरं तर रकाने आखण्यात आपला भाग जुना आहे. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. 'नमुना' हा क्लाससाठी मला 'वर्ग'पेक्षा बरा शब्द वाटतो. सातवर जमीन कोणाची ते, बारावर त्यात पीक काय ते. दोन्ही गटावरून लावलेले. एका माणसाची गावातली सगळी जमीन एकत्र बघायची तर आठ-अ काढायचा, तो खातेदारावरून लावलेला. जमीन तीच आहे. एकदा वस्तू म्हणजे गट आणि एकदा वस्तू म्हणजे खातेदार. हे ज्यांनी आखलं त्यांच्यापुढे कॉम्प्युटर नव्हता, पण कोणता प्रश्न विचारला जाणार आहे हे त्यांनी आधी बघितलं होतं.

आता मुलांसाठी. भाषा कोणती घ्यायची म्हणाल तर पायथन घ्या. ती फुकट मिळते आणि आपल्या शाळेच्या जुन्या कॉम्प्युटरवरही चालेल. पण तिच्याआधी आज रात्री एक काम करा. घरी जाऊन आजीला विचारा, तिचं नाव कोणकोणत्या कागदावर आहे आणि प्रत्येकावर ते कसं लिहिलं आहे. ते वहीत लिहा. मग 'व्यक्ती' नावाचा एक नमुना आखा, ज्यात तुमची आजी एकदाच येईल आणि तिचं एकही नाव गळणार नाही. सोपं नाही ते. मी दोनदा आखून खोडलं आहे.

उद्या दुपारची गाडी आहे, तोवर मी शाळेतच आहे. वह्या घेऊन या. सर, तुम्हीही या, तपासायला दोन माणसं लागतील.