मोटरसायकलसाठी लिथियमची बॅटरी

मोटरसायकलच्या बॅटरीची आठवण तिच्या मालकाला बहुधा एकाच वेळी होते. ती बंद पडते तेव्हा. मे महिन्यातील दुपारी रायपूरच्या जयस्तंभ चौकात बटण दाबावे आणि इंजिनाने नुसते टक् म्हणून गप्प बसावे, की आपण दुकानाची वाट धरतो. पूर्वी त्या दुकानात विचार करण्यासारखे फारसे काही नसे. शिसे आणि गंधकाम्ल यांची परिचित जड पेटी घ्यावी, पैसे मोजावेत आणि घरी यावे. आता मात्र वजनाने हलकी, दिसायला देखणी आणि किमतीने काही पट महाग अशी लिथियमची बॅटरीही मिळू लागली आहे. ती घ्यावी काय, आणि घ्यायची तर कोणती, याचा आज थोडा विचार करू.

लिथियम हे एका बॅटरीचे नाव नसून एका मोठ्या कुळाचे नाव आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. या कुळातील भावंडांचे स्वभाव अगदी भिन्न आहेत. मोटरसायकलीला मानवते ती लिथियम, लोह आणि फॉस्फेट यांच्या संयुगाची बॅटरी. १९९७ साली टेक्सास विद्यापीठातील जॉन गुडइनफ, अक्षय पाढी आणि त्यांचे सहकारी यांनी या संयुगाची उपयुक्तता प्रसिद्ध केली. लिथियम बॅटरीवरील एकंदर कार्याबद्दल गुडइनफ यांना २०१९ साली रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटाही मिळाला. या संयुगाचा एक सेल सुमारे ३.२ व्होल्ट दाब देतो. असे चार सेल जोडले की १२.८ व्होल्ट होतात, आणि १२ व्होल्टच्या मोटरसायकलीशी हा हिशेब नेमका जुळतो. निकेल-कोबाल्टच्या जातीचे तीन सेल जोडले तर दाब कमी पडतो, चार जोडले तर तो जास्त होतो.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. लोह-फॉस्फेटची बॅटरी तापली तरी इतर जातींच्या मानाने सहजी पेट घेत नाही. २०२२ साली आपल्या देशात काही विजेच्या स्कूटरांना आगी लागल्या, आणि त्यानंतर वाहन चालविणाऱ्या बॅटऱ्यांच्या कसोट्या सरकारने अधिक कडक केल्या. इंजिन सुरू करणारी आपली छोटी बॅटरी त्या नियमांच्या कक्षेत येत नाही. तिची पारख आपणच करावयाची असते. मोटरसायकल रात्री जिन्याखाली उभी असते आणि वर मुलेबाळे झोपलेली असतात. तेव्हा खोक्यावर बॅटरीची जात स्पष्ट लिहिलेली नसेल, आत संरक्षक यंत्रणा आहे असे सांगितलेले नसेल, किंवा जुन्या सेलांची मोट बांधून कोणी स्वस्तात देऊ करीत असेल, तर तो मोह टाळावा हेच शहाणपण.

बॅटरी निवडण्याआधी मोटरसायकलीची पत्रिका पाहावी. साध्या मीटरने हे काम कोणताही मिस्त्री पाच मिनिटांत करून देतो. इंजिन मध्यम वेगात ठेवून बॅटरीच्या दोन्ही टोकांवर विद्युतदाब मोजावा. तो १३.८ ते १४.६ व्होल्टच्या दरम्यान असेल तर पत्रिका जुळली. दाब १५ च्या वर जात असेल, तर लिथियमचे सेल बिघडतात किंवा आतील संरक्षक यंत्रणा वाटेतच प्रवाह तोडते. तो साडेतेराच्या खाली राहत असेल, तर बॅटरी कधी पुरी भरतच नाही. अशा वेळी आधी वाहनाचा रेग्युलेटर दुरुस्त करावा आणि मगच खरेदीला निघावे. राजदूत, येझदी किंवा जुनी बुलेट ज्यांनी जपून ठेवली आहे, त्यांच्यापैकी अनेकांची गाडी ६ व्होल्टची असते. १२ व्होल्टची बॅटरी तिला चालणारच नाही.

यानंतर येतो आकड्यांचा खेळ. लिथियमच्या काही बॅटऱ्यांवर १२ अँपिअर-तास असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते, आणि शेजारी बारीक अक्षरांत ‘शिशाच्या तुलनेने’ अशा अर्थाचे शब्द असतात. प्रत्यक्षात तिची धारणशक्ती ४ अँपिअर-तासांच्या आसपास असू शकते. यात सर्वस्वी लबाडी असते असे नव्हे. इंजिनाला पहिला हिसका देण्यात ही छोटी बॅटरी मोठ्या शिशाच्या बॅटरीची बरोबरी करते. पण दिवा चुकून चालू राहिला, किंवा चोरघंटीसारखे उपकरण दिवसरात्र वीज पीत असले, तर तिथे खरा साठाच कामाला येतो. म्हणून दुकानदाराला खरा आकडा विचारावा.

आता हवामान. रायपूरचा मे महिना पारा ४५ अंशांपर्यंत नेतो, आणि उन्हात उभ्या असलेल्या मोटरसायकलीच्या आसनाखाली त्याहूनही अधिक उष्णता साचते. उष्णतेने शिशाची बॅटरी झिजते, तशी लिथियमचीही झिजते. ६० अंशांच्या पलीकडे तिला नेऊ नये. ज्या गाडीत बॅटरीची जागा इंजिनाला अगदी लागून आहे, तिच्यासाठी हा खर्च करण्यापूर्वी दोनदा विचार करावा. उलट डिसेंबरात सरगुजातील मैनपाटला जाणाऱ्यांना तेथे पहाटे दव गोठलेले दिसते. अशा थंडीत लिथियमची बॅटरी सुस्तावते. मिनिटभर दिवा लावून ठेवला म्हणजे ती आतून ऊब धरते आणि मग इंजिन उचलते.

मग ही बॅटरी घ्यावी कोणी? रोज घर ते कचेरी जाणाऱ्या शंभर सीसीच्या गाडीची शिशाची बॅटरी जेमतेम दीड किलोच्या आसपास असते, आणि बटण रुसले तर बहुधा पायाची किक असते. तेथे लिथियमने वाचणारे वजन फारसे भरत नाही. पण मोठ्या इंजिनाची, किक नसलेली गाडी घेऊन जो केशकालचा घाट चढून बस्तरला जातो, किंवा ज्याची गाडी महिना-महिना उभी राहते, त्याला ती खरोखर उपयोगी पडते. तिचे वजन शिशाच्या बॅटरीच्या सुमारे एक तृतीयांश असते आणि पडून राहिली तरी ती फार हळू रिती होते. मात्र तिच्यासाठी लिथियमचाच चार्जर वापरावा. शिशाची बॅटरी सुधारण्यासाठी काही चार्जर जे विजेचे झटके देतात, ते हिला घातक ठरतात.

आपल्या छत्तीसगडला लोह दल्ली-राजहऱ्याच्या खाणींमुळे चांगले परिचित आहे. २०२४ साली कोरबा जिल्ह्यातील कटघोरा येथील लिथियमच्या क्षेत्राचा लिलाव झाल्यापासून हे दुसरे नावही घरोघरी पोचू लागले आहे. नाव ओळखीचे झाले म्हणजे पारख आपोआप येत नाही. ती मीटरवरचा आकडा वाचून, खोक्यावरची बारीक अक्षरे तपासून आणि आपली गरज ओळखून करावी लागते. आणि नवी बॅटरी कोणतीही घेतली, तरी जुनी शिशाची पेटी भंगारवाल्याकडे न टाकता विक्रेत्यालाच परत करावी. उघड्यावर वितळविलेल्या शिशाचे विष अखेर कोणाच्या तरी लहान मुलाच्याच अंगात भिनते.